अडलेला उठाव

खुर्चीत

कंबर दुखायला लागली तेव्हा हेमांगीने आधी खुर्ची बदलली. मग उशी. मग उशीची जागा. मग स्क्रीनची उंची, मग चप्पल, मग पुन्हा खुर्ची. ऑफिसातल्या प्रत्येकाकडे तिच्यासाठी एक उपाय होता, आणि उपाय सांगणारा प्रत्येक जण कमरेवर हात ठेवून उभा होता.

दुखणं मोठं नव्हतं. कळ नव्हती, पायात उतरत नव्हतं. पाठ संपते तिथे कोणीतरी अंगठा टेकवून ठेवावा आणि काढायला विसरून जावं, तसं.

नाशिकमधलं हे ऑफिस मजकूर तपासण्याचं होतं. मराठी आता यंत्रं लिहीत. बँकांच्या सूचना, औषधांच्या खोक्यांवरची माहिती, मिक्सर कसा धुवायचा ते, सगळं. ते माणसांना वाचता येईल असं करून देणं हे हेमांगी आहेर आणि तिच्यासारख्या पंधरा-वीस जणांचं काम. सकाळी बसायचं आणि वाचायचं.

"किती वेळ बसता?" डॉक्टर नीलोफर तांबोळींनी विचारलं. त्या फिजिओथेरपिस्ट होत्या.

"उठेपर्यंत."

डॉक्टर हसल्या. "उभ्या राहा. डावा अंगठा कमरेवर, मणक्याच्या डाव्या बाजूला खोल रुतवा. हं. आता उजवा हात झटकन समोर उचला."

हेमांगीने उचलला.

"आधी काय हललं?"

"हात."

"पुन्हा करा. लक्ष अंगठ्याकडे."

तिने पुन्हा केलं. अंगठ्याखालचा मऊ भाग कडक झाला. हात त्यानंतर वर गेला.

"अय्या," ती म्हणाली, आणि न सांगता तिसऱ्यांदा करून पाहिलं.

"हात उचलला की तोल ढळणार," डॉक्टर म्हणाल्या. "तो ढळू नये म्हणून मेंदू आधी कमरेला निरोप देतो, मग हाताला. मणक्यांना चिकटून खोलवर स्नायू आहेत, ते आधी आवळतात. तुम्ही चमचा उचला, दार ढकला, खुर्चीतून उठा, पहिली कंबर. ज्यांची दुखते त्यांच्याकडे हा निरोप उशिरा पोचतो. मग भार स्नायूऐवजी मणक्यावर जातो."

त्यांनी खणातून वीतभर पारदर्शक पट्टी काढली. नाव टेकू. कातडीवर चिकटवायची, आतल्या नसांचे निरोप ती ऐकते, आणि निरोप उशिरा येतोय असं दिसलं तर स्नायूला स्वतःच हलका झटका देते.

"म्हणजे मी उठणार हे या पट्टीला माझ्याआधी कळणार?"

"तुमच्या कमरेला तुमच्याआधी कळतंच. पट्टी फक्त कान लावून बसते."

टेकू हे नाव हेमांगीला ओळखीचं होतं. त्याच्या अ‍ॅपचं मराठी तिच्याच टेबलावरून गेलं होतं. त्यात एक जागा अडली होती. माणूस उठण्याची तयारी करतो, त्या तयारीला काय म्हणायचं? यंत्राने लिहिलं होतं 'उत्थानहेतू'. ते पोलिसांच्या पंचनाम्यासारखं वाटत होतं. नुसतं 'ऊठ' म्हटलं तर तो हुकूम झाला. शेवटी तिने लिहिलं, 'उठाव'. सुटसुटीत. या शब्दाचा दुसरा अर्थ तिच्या लक्षात आला होता. ती तेव्हा जरा हसली होती आणि शब्द तसाच ठेवला होता.

खुर्चीत, किंचित पुढे झुकून

अ‍ॅपमधलं चित्र साधं होतं. कंबर निवांत असली की सरळ रेषा. उठाव झाला आणि माणूस खरंच उठला की रेषेवर मोठा डोंगर. उठाव झाला पण माणूस उठलाच नाही, तर डोंगर अर्ध्यात मोडायचा आणि नुसतं टोक उरायचं:

^

हे चिन्ह हेमांगी रोज पाहत आली होती. काकपद. ओळीत शब्द राहून गेला असेल तिथे जुने मुद्रितशोधक कावळ्याच्या पायासारखी ही खूण करत. इथे काहीतरी राहून गेलंय, एवढाच तिचा अर्थ.

तिची एक सकाळ, पट्टीने ऐकली तशी:

तिने फाइल उघडली. पाण्याची बाटली रिकामी होती ^ पण एवढं पान होऊ दे म्हणून ती वाचत राहिली. कुकरच्या माहितीपत्रकात यंत्राने लिहिलं होतं, 'शिट्टी वाजवणाऱ्यास स्पर्श करू नये' ^ हे शेजारच्या टेबलावर जाऊन सांगायलाच हवं ^ पण शेजारी सगळे डोकं खाली घालून बसले होते. गांगुर्डे सरांनी मीटिंग घेतली. सर बोलत होते ^ सर बोलत होते ^ सर म्हणाले, शेवटचा मुद्दा ^ आणि मग त्यांनी आणखी दोन मुद्दे घेतले ^ खाली रस्त्यावर कोणाची तरी वरात चालली होती, ताशा वाजत होता ^ ^ ^ कुकरची रबरी चकती दरवर्षी बदलावी.

डॉक्टर तांबोळींनी हे चित्र बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या पेशंटांची चित्रं उघडली. बँकेतला कारकून, शिवणकाम करणारी बाई, कॅमेऱ्यांचे पडदे बघत बसणारा सुरक्षारक्षक. सगळीकडे कावळ्यांचे पाय.

"आम्ही इतके दिवस म्हणत होतो, बसल्याने दुखतं," त्या म्हणाल्या. "पण निवांत बसणाऱ्यांची रेषा बघा. तासन्‌तास बसलेत आणि दुखत नाही. दुखतं ते न उठल्याने. स्नायू उठायला तयार होतो, तुम्ही त्याला आवरता. पुन्हा तयार होतो, पुन्हा आवरता. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि ब्रेक दाबून धरायचा. दिवसभर. काय होईल गाडीचं?"

"मग मी करू काय?"

"उठा."

"एवढंच?"

"उठावंसं वाटलं की. नंतर नाही. वाटताक्षणी."

उभ्याने

ती उठायला लागली.

पानाच्या मध्यात उठली. मीटिंगमध्ये उठली, शेवटच्या मुद्द्याला. वरात बघायला जिन्यापर्यंत गेली. काही आठवड्यांत कमरेवरचा तो विसरलेला अंगठा कोणीतरी काढून घेतला.

तिचं बघून ऑफिसातल्या सगळ्यांनी टेकू लावले, आणि मजल्याचा एकत्र अहवाल गांगुर्डे सरांकडे जायला लागला. सरांकडून तो वर जायचा, दुसऱ्या राज्यातल्या मुख्य कार्यालयात. जाताना यंत्र त्याचं हिंदी करायचं. 'तिसऱ्या मजल्यावर उठाव वाढले आहेत' हे वाक्य तिकडे पोचलं तेव्हा त्याचं झालं होतं, 'तीसरी मंज़िल पर विद्रोह बढ़ रहा है.'

गांगुर्डे सर घाम पुसत हेमांगीच्या टेबलाशी आले.

"मॅडम, हा शब्द कोणी पास केला?"

"मी, सर."

"दुसरा नव्हता एखादा?"

"होता, 'उत्थानहेतू'. त्याहून बरा सुचतो का, तुम्ही दोन दिवस विचार करा आणि मला सांगा."

सरांनी खरंच विचार केला. दोन दिवसांनी ते म्हणाले, "नाही सुचत हो. आणि खोटंही नाही म्हणा ते."

घरी प्रकरण इतकं हसण्यावारी गेलं नाही. नवरा सुजित रात्रीच्या जेवणानंतर त्याच्या शाळेतलं काही सांगत होता, तो तिथे भूगोल शिकवायचा, आणि ती मध्येच उठली.

"अगं, वाक्य तरी संपू दे."

"पुढचं माहीत आहे मला. मग हेडमास्तर म्हणाले."

"हेडमास्तर नाही. मी म्हणालो. पहिल्यांदाच." तो ताट उचलत म्हणाला, "राहू दे. तुझ्या कमरेला आधीच कळलंय."

ती दारात उभी राहिली. पुन्हा जाऊन बसावं असं वाटलं, आणि कमरेला ते वाटलेलं नाही हेही कळलं. इतकी वर्षं ती लोकांचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायची. त्यातला किती भाग माया होती आणि किती नुसता कमरेत साठत गेला? तिला हे शोधून काढायची इच्छा होती. कसं शोधायचं ते माहीत नव्हतं.

"काय म्हणालास तू?" तिने विचारलं.

सुजितने सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत राहिली, पूर्ण.

सोफ्यावर, मागे टेकून

तिचे वडील, अप्पा, दर रविवारी सिन्नरहून येत. एसटीच्या नियंत्रण कक्षात, माइकसमोर, एका लाकडी स्टुलावर त्यांची नोकरी गेली होती. त्या स्टुलाने दिलेली कंबर ते अजून वागवत होते. बोलणंही अजून तसंच, एकेक अक्षर सुटं.

"जावईबापू, मीठ आपल्या उजव्या बाजूस लागलेलं आहे," ते म्हणायचे, आणि सुजित मीठ द्यायचा.

हेमांगीने अप्पांनाही टेकू आणून लावला. घरातले टेकू एकमेकांना जोडता येत. एकाचा उठाव झाला की दुसऱ्याच्या पाठीत हलकी टिचकी बसायची. नवरा-बायकोने एकमेकांना आठवण देत उठावं, अशी कंपनीची कल्पना. सुजितने पट्टी लावायला साफ नकार दिला होता, म्हणून हेमांगी अप्पांशी जोडली गेली.

जेवणं झाली. वर्तमानपत्र झालं. अप्पा म्हणाले, "चला, निघतो आता."

हेमांगीच्या पाठीत काहीच झालं नाही.

तिला वाटलं, पट्टी सैल झाली. ती चाचपून पाहत म्हणाली, "बसा हो अप्पा, चहा टाकते."

"नको नको. बरं, अर्धा कप."

चहा झाला. "निघतो गं." टिचकी नाही. शेजारच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं झालं. "निघायला हवं आता." टिचकी नाही. बोलणं सगळं निघण्याचं, आणि कंबर सोफ्यात निवांत. दर रविवारी हेच चालायचं आणि ती दर रविवारी 'बसा हो' म्हणायची, हे तिला आता आठवलं. दोघांपैकी कोणीही ते शब्द कधी ऐकले नव्हते.

मग अप्पा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "शिरीषने तिकीट काढलंय. पुढच्या आठवड्यात बंगळूर."

तिच्या पाठीत खाडकन टिचकी बसली.

शिरीष म्हणजे तिचा दादा. सिन्नरच्या घराला जिना होता, अप्पांना तो आता झेपत नव्हता, आणि दादाने सगळं ठरवलं होतं. घर रिकामं करायचं, अप्पांनी कायमचं तिकडे जायचं.

"तुम्हाला जायचंय ना?"

"न जायला काय झालं? थंड हवा आहे. लिफ्ट आहे." पुन्हा टिचकी. अप्पा जागचे हलले नव्हते.

शेवटी ते खरंच निघाले तेव्हा, "येतो," म्हणत सोफ्याच्या हातावर जोर देऊन त्यांनी स्वतःला वर ओढलं. दुसऱ्या कोणाचं तरी ओझं उचलावं तसं. उठेपर्यंत तिच्या पाठीत काही वाजलं नाही.

रात्री तिने सुजितला सगळं सांगितलं.

"मग ठेवून घेऊ," तो म्हणाला. "मला आवडतात ते. खोली तेवढी तुझी जाईल."

घरात एकच खोली जास्तीची होती. आत एक दिवाण, एक टेबल. आठवड्यातले काही दिवस ती तिथे दार लावून काम करायची, आणि काम संपल्यावरही बाहेर यायची नाही.

"खोलीचं काय एवढं," हेमांगी म्हणाली.

अर्धवट

पुढच्या रविवारी सुजित बाजारात गेला होता. अप्पा सोफ्यावर, ती समोर खुर्चीत.

"अप्पा, तुम्ही बंगळूरला जाऊ नका."

"का बरं?"

"तुम्हाला जायचं नाहीये."

"कोण म्हणतं?"

"तुमची कंबर."

अप्पा हसले. "कंबर काय, आज हे म्हणते, उद्या ते."

"मी चेष्टा करत नाहीये. इथे राहा. आमच्याकडे. आतली खोली तुम्हाला देते ^ "

अप्पांचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी तो खाली ठेवला आणि हात पाठीमागे नेला.

"लागली," ते म्हणाले.

"काय?"

"टिचकी."

हेमांगी खुर्चीत अगदी स्थिर बसली होती. आपल्या कमरेने काही केलंय हे तिला कळलंच नव्हतं.

"मी तर तुम्हाला बोलावलं," ती म्हणाली.

"तोंडाने बोलावलंस. मी आयुष्यभर माइकवर सांगत आलो, गाडी थोड्याच वेळात सुटेल. तोंडाचं मला नको सांगू, हेमे."

"आणि तुम्ही? दर रविवारी निघतो, निघतो. एकदा तरी निघता का?"

"ती रीत आहे."

"मग माझीही रीतच असेल!"

"रीत तोंडात असते. तुझं पाठीत वाजलं."

ते रागावले नव्हते. ते अगदी शांतपणे चहा संपवायला लागले, आणि ते तिला जास्त लागलं. दोन-चार दिवसांत हा माणूस, ज्याला तिथली भाषा येत नाही, जो दिवसभर कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहू शकत नाही, एका लिफ्टच्या वर जाऊन बसणार होता. आणि आता तो तिच्यावरचा भार कमी करायला म्हणून जाणार होता.

तिने डॉक्टर तांबोळींना फोन लावला. सुट्टीचा दिवस, मागे भांड्यांचे आवाज.

"डॉक्टर, एकच विचारते. मी कोणालातरी 'राहा' म्हटलं आणि त्याच वेळी माझा उठाव झाला. म्हणजे मला ते नको होतं का?"

"मला कसं कळणार?"

"पट्टीला कळतं ना."

"पट्टीला एवढंच कळतं की भार आता पायांवर जाणार. कुठे जाणार, ते नाही. कोणाला मिठी मारायला उठा, नाहीतर पळून जायला, कमरेतला निरोप तोच. दिशा पुढची पायरी आहे." भांड्यांचा आवाज थांबला. "खरं तर आम्हालाही हे जाणून घ्यायचंय. पुढे काय झालं ते मला कळवाल का?"

"पुढे अजून झालंच नाहीये," हेमांगी म्हणाली आणि फोन ठेवला.

अप्पांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे कळलं नाहीच."

"नाही." तिने खुर्चीचे हात धरले. "पण खोटं नाही बोलत. खोली देते म्हणताना आत कसंतरी झालं. या घरात ती एकच जागा आहे जिथे मी दार लावते."

"मग?"

"मग तुम्ही तिकडे गेलात, की मी दार लावून आत काय करणार, तेही डोळ्यांसमोर येतंय. फोन लावणार. तुम्ही म्हणणार, मजेत आहे. आणि टिचकी मला इथे बसणार."

अप्पांनी रिकामा कप खाली ठेवला. ^ तिने जाणवून घ्यायचा प्रयत्न केला, पण स्वतःची टिचकी स्वतःला बसत नाही. अप्पांचा हात मात्र पुन्हा पाठीमागे गेला.

दारात

ती उठली.

कुठे चाललोय ते तिने ठरवलं नव्हतं. बाहेरचं दार डावीकडे होतं, स्वयंपाकघर समोर. पाय आतल्या खोलीत गेले. तिथे ती क्षणभर उभी राहिली, टेबलाकडे बघत. मग तिने स्क्रीन दिवाणावर ठेवली, टेबलाची एक कड धरली आणि ओढायला सुरुवात केली.

"काय चाललंय?" अप्पांनी बाहेरून विचारलं.

"टेबल हॉलमध्ये घेते. खिडकीपाशी."

"एकटीने ओढू नको, भरून येईल कंबर."

टिचकी तिच्या पाठीत बसली आणि लगेच अप्पा दारात दिसले. हातावर जोर न देता उठले होते. ते टेबलाला वळसा घालून आत गेले आणि पलीकडची कड धरली.

"हं, येऊ द्या," ते म्हणाले. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे मारा. जरा अजून. येऊ द्या."

"अप्पा, ही गाडी नाहीये."

"गाडी ऐकते तरी. तिरकं कर. आता वर घे. वर, वर, बास!"

टेबल चौकटीत शिरलं आणि तिथेच बसलं. हेमांगीने ओढलं. अप्पांनी ढकललं. मग अप्पांनी ओढलं आणि तिने ढकललं. टेबल ना आत, ना बाहेर. वरून डोकं काढून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती हॉलमध्ये होती. अप्पा खोलीत.

"खाली वाकून येता येईल का तुम्हाला?"

"या वयात?"

"सुजित येईल तासाभरात. तो आला की काढू." तिने घड्याळाकडे पाहिलं. "तुमची गाडी जाईल, अप्पा."

अप्पांनी टेबल एकदा हलवून पाहिलं. फार जोर लावला असं वाटलं नाही. मग ते दिवाणावर बसले, स्क्रीन भिंतीकडे सरकवली, उशी पाठीमागे घेतली आणि टेकले. ती टिचकीची वाट बघत उभी राहिली. पाठीत सगळं निवांत होतं.

"तुझ्या दादाला फोन लाव," अप्पा आतून म्हणाले. "म्हणावं, अप्पा अडकलेत."